राग असेल तर हात लावायचा नाही

माझी ताई लोकांची डोकी शांत करायची. तेल नाही, रगडणं नाही. माणसाला पलंगावर आडवं करायचं, डोक्याखाली दोन्ही तळवे सरकवायचे आणि अर्धा-पाऊण तास नुसतं धरून बसायचं. डोक्यात सतत काहीतरी चालू असलेली माणसं यायची आणि चक्क घोरायला लागायची. मी गॅरेजात काम करणारा माणूस, मला हे सगळं थोतांड वाटायचं. तसं तिच्या तोंडावर म्हणायचोही.

तिचा एक नियम होता. आपल्या मनात राग असेल तर समोरच्याला हात लावायचा नाही, परत पाठवायचं. रागाचा हात त्याला कळतो म्हणे.

त्या मंगळवारी सकाळी मी तिच्यावर उखडलो. पाण्याची मोटर चालू राहून टाकी वाहत होती. "डोकं कुठे गहाण ठेवलंयस?" इथपासून सुरू झालो ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघडेपर्यंत. मोटर मीच चालू ठेवली होती, हे मला दुपारी आठवलं. तोवर ताई धुमसत कामावर गेली होती आणि अकरा वाजता आलेल्या शाळेतल्या बाईंना तिने दारातूनच परत पाठवलं होतं. बाईंना आठवडाभर झोप नव्हती. "आज नको, उद्या या," एवढंच ताई म्हणाली. बाई तशाच भिरभिरत रस्त्यात उतरल्या आणि ट्रकखाली आल्या. जीव वाचला, पाय गेला.

तेव्हापासून ताईचं डोकं थांबेना. तीन आठवडे झोप नाही, घास तोंडात तसाच, आणि एकच घोकणं, "परत पाठवलं नसतं तर." गोळ्या लागू पडेनात. आता दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे शहाणे "मन रमवा" सांगून चहा पिऊन जायचे. एकेकाला हाकलून द्यावंसं वाटायचं. आणि मोटरचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं. माझ्याइतका नालायक मीच.

रविवारी दुपारी सांगून टाकलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पुन्हा येरझाऱ्या घालू लागली. माझं टाळकंच सरकलं.

"आडवी हो," मी म्हटलं.

"तुझ्या अंगात राग आहे. हात लावू नकोस."

"आहेच. माझ्यावर आहे, तुझ्या त्या नियमावर आहे. हो आडवी."

ग्रीसने काळे पडलेले हात घासून धुतले आणि तिच्या डोक्याखाली सरकवले.

"बोटं दाबू नकोस. अंगठे ढिले सोड," ती म्हणाली. माझा राग तसूभर कमी झाला नव्हता, दात आवळलेलेच होते. तरी तिचं डोकं हळूहळू जड होत गेलं आणि ती गाढ झोपली.

तासाभराने तिने डोळे उघडले.

"अजून राग आहे?"

"आहे."

"म्हणजे त्या दिवशी मी बाईंना हात लावला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.

मी तिचं डोकं मात्र सोडलं नाही.