दादाचा डावा हात

४ फेब्रुवारी, मंगळवार. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून. दुपारी दोन घास, संध्याकाळी तेही नाहीत. भाचा म्हणाला, रविवारी भंगारवाला येऊन खालच्या खुर्च्या नेईल.

एवढं लिहून आत्याने वही मिटली आणि मनाशी म्हणाली, नेतो कसा ते बघतेच.

नवरा गेल्यावर ती थोरल्या भावाकडे राहायला आली त्याला तीस वर्षं झाली. घरात सगळे तिला आत्या म्हणत. दादा एकटा ‘वहीवाली’ म्हणे. पन्नास वर्षं त्याने खुर्च्यांच्या बैठकी वेताने विणल्या. थंडीच्या तोंडावर झटका आला, डावा हात लुळा पडला, आणि धडधाकट उजवाही रुसून बसला. डॉक्टर म्हणाले, आराम. भाच्याने ते इतकं मनावर घेतलं की पाण्याचा पेलासुद्धा तो बापाच्या ओठाला लावायचा. पोरगा वाईट नव्हता. पण त्या आरामात दादा पलंगावर विरत चालला होता.

बुधवारी सकाळी आत्याने खालच्या कामाच्या खोलीतून खुर्चीचा एक सांगाडा आणि वेताची जुडी आणली. वेत बादलीत भिजवला आणि दादाच्या पलंगाला लागूनच विणायला बसली.

“कशाला हा खटाटोप?” दादा भिंतीला म्हणाला. “विणायला दोन हात लागतात. एक वर, एक खाली.”

“माझे आहेत की दोन.”

दुपारपर्यंत सहा पट्ट्या झाल्या. दादाने मान वळवली ती पाणी मागायला. नजर खुर्चीवर पडली आणि तो तडकला.

“अगं ए वहीवाली! खरखरीत बाजू वर? गिऱ्हाइकाच्या बुडाची सालं काढणार आहेस?”

आत्या वरमली. तीस वर्षं तिने या घरातलं काय काय टिपून ठेवलं होतं. वेताची गुळगुळीत बाजू वर घ्यायची, एवढंच नेमकं राहून गेलं होतं.

“मग सांग ना कसं ते.”

“सांगून येत असतं तर माझ्या पाठीला बाक कशाला आला असता? उसव सगळं. आणि मला बसव.”

पाठीशी उशा लावून तिने त्याला बसवलं. तो उजव्या हाताने वेताचं टोक वरून भोकात घाली. ती खालून ओढी आणि शेजारच्या भोकातून वर देई.

“ओढ! कुणाची वेणी घालत नाहीयेस, ओढ!”

तिची बोटं सोलली, त्याचा खांदा भरून आला. संध्याकाळपर्यंत तीनच पट्ट्या झाल्या. जेवताना मात्र चमचा त्याने तिच्या हातातून हिसकावून घेतला.

रविवारी भाचा भंगारवाल्याला घेऊनच खोलीत आला आणि दारातच थबकला.

“आत्या, हे काय चाललंय? बाबांना पुन्हा काही झालं म्हणजे?”

“झालं तर बसल्या बसल्या होईल. आडवं पडून रोज थोडं थोडं होतच होतं.”

“अगं, पण डॉक्टरांनी...”

“त्यांना म्हणावं, बसायला या.” दादाची जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होता. मग तो भंगारवाल्याकडे वळला. “खुर्च्या मिळायच्या नाहीत. न्यायचंच असेल तर हिला ने. माझा डावा हात आहे, पण फार कुरकुरतो.”

भंगारवाला हसला. भाचा हसला नाही. त्याने वाकून अर्ध्या विणलेल्या बैठकीवर टिचकी मारली. वाळलेला वेत चांगला ताणून बसला होता.

“खाली किती राहिल्यात?”

“अकरा,” दादा म्हणाला. “पुढची घेऊन ये.”

९ फेब्रुवारी, रविवार. आंघोळीची बादली वेताला गेली. उद्या नवी आणणे.