आबांनी पाहिलेला माझा खेळ

सिनेमात मी आहे हे मी आता कुणाला आपणहून सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच मोबाइल काढतात, "कुठं, कुठं?" करतात, आणि मग मी मेंढरांत पडते ती जागा दाखवावी लागते. ते पोट धरून हसतात. हसावंच त्यांनी, सिनेमा विनोदी आहे.

शाळेत असताना मी रग्बी खेळायचे. यावरही लोक हसतात, त्यामुळे सवय आहे. आखाडा बाळापूरकडच्या आमच्या गावात रग्बी आली ती आमच्या खेळाच्या सरांच्या डोक्यातून. त्यांचा हिशोब सरळ होता. खो-खोला, कबड्डीला ढीगभर शाळा उतरतात, तिथं आपला निभाव लागत नाही. रग्बीला जिल्ह्यात संघच मोजके, दोन-चार सामने जिंकले की थेट राज्याला. राज्याचं सर्टिफिकेट मिळालं की नोकरीत सवलत. तर सर्टिफिकेटासाठी सुरू झालेला हा खेळ माझ्या अंगात भिनला, त्याला सर काय करणार? लांबोडका चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या पोरींनी धरून पाडायच्या आत रेषेपलीकडं जाऊन तो जमिनीला टेकवायचा. मी एकदा सुटले की मला धरणारी पोरगी आमच्या विभागात नव्हती. ही बढाई नाही. आता त्याचा कुणालाच उपयोग नाही, म्हणून निवांत सांगता येतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हे कधीच पाहिलं नाही. पोरीच्या जातीनं खेळू नये असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांची मेंढरं होती, एवढंच. दसरा झाला की कळप घेऊन ते बाहेर पडत. कधी वाशीमकडं, कधी परभणीकडं. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्या रानात मुक्काम. आणि आमचे मोठे सामने नेमके थंडीत. आबा परत येईपर्यंत सगळं उरकलेलं असायचं आणि भिंतीवर एक नवं सर्टिफिकेट लागलेलं असायचं. ते धोतराच्या सोग्यानं काच पुसत आणि विचारत, "पर ह्या खेळात करतात काय गं माय?"

मी सांगायचे. चेंडू पुढं फेकायचा नाही, मागच्या पोरीकडंच द्यायचा, आणि आपण पुढं पळायचं.

"मागं द्यायचं आन पुढं पळायचं," आबा म्हणायचे. "न्हाई बा, मला न्हाई कळत."

न कळण्यासारखा माणूस नव्हता तो. कळपातलं कुठलंही मेंढरू पाठमोरं असलं तरी नुसत्या चालीवरून ओळखायचे. संध्याकाळी धुरळ्यात कळप परत येताना मला सगळी एकसारखी दिसायची, आणि आबा लांबूनच सांगायचे की अमकी आज लंगडतीय, तमकी मागं राहिली. बघून बघून त्यांचे डोळे तसे झाले होते.

पुढं माझं लग्न झालं, वसमतला आले, एक लेकरू झालं. नोकरीतल्या सवलतीचं म्हणाल तर ती अजून वाटेतच आहे. एका खासगी शाळेत मी पी.टी.ची मॅडम आहे. शाळेला मैदान नाही. स्कूलबस लागतात त्या जागेत मी पोरांना हात वर करा, खाली करा म्हणते. तिकडं आबांचे गुडघे गेले. यंदाचा फेरा शेवटचा, मग मेंढरं विकून टाकू, असं ते म्हणायला लागले. माझे पाय अजून पळत होते, पण तेही किती दिवस? माझ्या मनानं एकच धरलं होतं. या माणसानं मला एकदा पळताना बघावं. दुसरं मी काही मागत नव्हते.

अशात दिवाळीच्या सुटीत सिनेमावाले आले. निंदायला-खुरपायला जाणाऱ्या बाया रग्बीचा संघ काढतात आणि शहरातल्या पोरींना हरवतात, अशी हसवाहसवीची गोष्ट होती. कुणीतरी त्यांना आमच्या सरांकडं धाडलं आणि सरांनी माझ्याकडं. नटीला खेळ शिकवायचा आणि हरणाऱ्या संघातून खेळायचं, असं माझं काम. शूटिंग कनेरगाव नाक्याजवळच्या एका शाळेच्या मैदानावर होतं.

दिग्दर्शक पुण्याचा, पोरगेलासा, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारा. वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. नटीही गोड पोरगी. फक्त पळायला लागली की दळणाचा डबा घेऊन गिरणीला निघाल्यासारखी दिसायची. दिग्दर्शकानं दोन दिवस बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "ताई, शेवटची जिंकायची धाव तिला जमणार नाही. तिचा पिवळा शर्ट घालून तुम्हीच पळा. आम्ही मागून घेतो, तिचा चेहरा नंतर जवळून घेऊ."

मग म्हणाला, "आणि ताई, इकडं मेंढ्या कुठं मिळतील?"

मेंढ्या त्याला माझ्याचसाठी हव्या होत्या. हरणाऱ्या संघाची सगळ्यात तेज पोरगी, म्हणजे मी, चेंडू घेऊन एकटी सुटते. तेवढ्यात मैदानात मेंढरं घुसतात. मी त्यांच्यात कोलमडते आणि चेंडू नटीच्या हातात जातो. ऐकून दुसरी कुणी असती तर विचारात पडली असती. मला आनंद झाला. आबा तिथून जवळच, सोयाबीन काढलेल्या रानात मेंढरं बसवून होते. म्हणजे मेंढरांच्या निमित्तानं का होईना, ते मैदानावर येणार. मी एकच अट घातली: माझी धाव त्याच दिवशी घ्यायची, आणि मेंढरांच्या आधी. तो म्हणाला, "अहो, नक्की."

आबांना मी फोनवर बजावून सांगितलं, "मेंढराचं काम दुपारनंतर हाय. त्याच्या आधी मी पळनार हाय. तेवढं बघा."

"बघतो की," आबा म्हणाले. "दुसरं काय काम हाय मला?"

ठरल्या दिवशी ते धुतलेलं धोतर, नवं मुंडासं बांधून आले. मेंढरं शाळेच्या मागं बाभळीखाली उभी केली आणि स्वतः मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या कडेला येऊन बसले. मी वर्गात जाऊन पिवळा शर्ट चढवला, बाहेर आले तेव्हा त्यांचं मुंडासं लांबून दिसलं. बुटांच्या नाड्या मी पुन्हा सोडून बांधल्या. राज्याच्या सामन्यालाही असं केलं नव्हतं.

मग मी पळाले. काय सांगू त्याचं? लेकरू झाल्यावर पाय जड झाले होते, ते त्या दिवशी झाले नाहीत. एकीला डाव्या अंगानं चुकवलं, दुसरीच्या हातातून निसटले, आणि पुढं नुसतं मोकळं मैदान. त्या पाडायला आलेल्या बाया खोट्या होत्या, सामना खोटा होता, शर्ट दुसरीचा होता. पळणं तेवढं खरं होतं. रेषेपलीकडं चेंडू टेकवला आणि उठल्या उठल्या दोरीकडं पाहिलं.

आबा तिथं नव्हते.

वर कॅमेरा घेऊन उडणारं ते ड्रोन सोडलं होतं. त्याच्या आवाजानं मेंढरं बिथरली, आणि आबा दुखरे गुडघे घेऊन बाभळीकडं धावले होते. मी गेले तेव्हा ते मैदानाकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून कळप अडवत उभे होते. "आबा, पाह्यलं का?" मी विचारलं, तरी उत्तर समोर दिसत होतंच.

"आगं, ते वरचं भिरभिरं आलं आन समदी उधळली," ते म्हणाले. "आता पळशील तवा बघतो की."

मी दिग्दर्शकाकडं गेले, पुन्हा एकदा घ्या म्हणाले. तो खूश होता. "ताई, कमाल केलीत! दुसऱ्यांदा घ्यायची गरजच नाही." पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं मी. उन्हं उतरायच्या आत मेंढ्यांचा सीन उरकायचा होता. पळणं एकदाच पुरलं.

पडणं मात्र पुरेना. मी हरणाऱ्या संघाचा हिरवा शर्ट घालून पळायचे, कुणीतरी हात हलवायचं, आणि आबा आपली हाक द्यायचे. त्यांच्या हाकेशिवाय मेंढरं हलत नव्हती. म्हणजे मला पाडायला दर वेळी माझ्याच बापाची हाक. एकदा मेंढरं लवकर आली, एकदा उशिरा, एकदा मी फार खरी पडले. "जरा मजेशीर पडा ना ताई." मी मजेशीर पडले. तोंडात माती, केसात लेंड्या. गावातली माणसं दोरीला धरून हसत होती. आणि आबा! त्यांना हसताना मी इतकं कधीच पाहिलं नव्हतं. डोळे पुसत मला सांगत होते, "आगं, जरा अलीकडं पड, तिकडं दगुड हाय!" मीही हसले. काय करणार होते?

पुढच्या श्रावणात सिनेमा आला. टॉकीजला नाही, मोबाइलवर. मी माहेरी गेले होते, भावानं घरातल्या टीव्हीवर लावला, शेजारपाजारची बसली. आबांनी मेंढरं विकली होती तोवर. मी पडले तिथं घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. नंतर शेवटची धाव आली. पिवळा शर्ट, पाठमोरी, सावकाश केलेली, वर संगीत. माझे पाय, माझी कोपरं, मान जरा उजवीकडं टाकायची माझी खोड. मग रेषा, आणि वर उठला तो नटीचा चेहरा.

आबा सरसावून बसले होते. "आगागा! काय पळती पोरगी!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ माय, पळावं तर आसं."

मला राहवलं नाही. "आबा, ती मीच हाय."

सगळे हसले. भाऊसुद्धा. आबा हसले नाहीत. "तोंड दिसलं की तिचं," ते हळूच म्हणाले.

"तोंड तिचं हाय. पळनारी मी. तुमी मेंढरं आवरत होता तवाचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत कीव होती, दुसरं काही नव्हतं. हरलेल्या लेकराला समजवावं तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आसू दे माय. रडतीस काहून? पडाया बी कोनी लागतंच की. तू पडलीस म्हनून तर ती जितली."

सांगून तरी काय होणार होतं? राग यावा तर तो कुणाचा हेही कळेना. आबा मात्र भावाला म्हणाले, "ते मेंढराचं पुन्यांदा लाव रे." भावानं मागं नेलं. पडद्यावर धुरळा उठला, मेंढरांच्या पाठी दिसायला लागल्या, आणि आबा उठून टीव्हीजवळ गेले. विकून टाकलेला कळप त्यांना परत दिसत होता. बोट लावून ते एकेक दाखवू लागले. ही काळी-पांढरी बांडी, ही तिच्या पाठची. मग एका मेंढीवर त्यांचं बोट थांबलं. इतर सगळ्यांसारखीच होती ती, मला तरी.

"ही आपली म्हातारी," आबा म्हणाले, आणि बोट तिथंच ठेवलं. "पाठमोरी हाय, तरी चालीवरून बराबर वळखली मी."

ओळखणारच. तिला त्यांनी रोज चालताना पाहिलं होतं.