पल्याडून द्यायची हाक

मंडळी, आज धमतरीकडच्या धरणातल्या एका बेटावर सोलर पंप दुरुस्त कराले गेलो होतो. थोडीशी घरं, चहूकडे पाणी, मोबाईलले नेटवर्क नाही.

काम झाल्यावर एका म्हातारीनं जेवू घातलं; तिले सारे दाई, म्हणजे आई, म्हणत. निघताना म्हणाली, "ओ पार जाके हांक पार देबे, बेटा." म्हणजे पल्याड पोचला की हाक मार. मी "हव दाई" म्हटलं आन नावेत बसताच विसरलो.

काठावर उतरून गाडी सुरू केली, तर नावाड्यानं चावीच काढून घेतली! मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "दाई खड़े हे, भैया."

पाहतो तर पल्याड ती उन्हात तशीच उभी. पाहुण्याची हाक आल्याशिवाय तिथं कोणी काठ सोडत नाही म्हणे.

मी जोरात ओरडलो, "पोचलो, दाई!" तिनं हात वर केला आन मगच घराकडे वळली. मले चावी मिळाली.

संध्याकाळी तात्यापाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, घरी आलो. बायकोनं स्वयंपाकघरातून रोजच्यासारखं विचारलं, "आले काय?" चपलांचा आवाज तर येतोच, म्हणून मी कधी उत्तर देत नाही. खरं सांगा, तुम्ही तरी देता काय?

आज म्हटलं, "हो, आलो."

ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "तब्येत बरी आहे न तुमची?"