काळ्या कार्डशीटवरचा सातवा हात

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतो. बेचाळीस वर्षं आखातात काढली. बंद वर्कशॉपमध्ये एकटा झोपलो, वाळवंटात गाडी बंद पडून रात्र काढली... कधी काही दिसलं नाही. आजही भूतखेत मानतो असं नाही. पण जे घडलं ते लिहिणं भाग आहे, कारण त्यात एका मेलेल्या माणसाची अब्रू अडकली आहे. नावं तेवढी बदलतो.

माझं वय एकाहत्तर. मूळ गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं. आता दुबईत इंटरनॅशनल सिटीमध्ये मुलगी शबनम आणि जावई इम्रान यांच्याकडे राहतो. त्यांची दोन मुलं — झोया पाच वर्षांची, अयान तीन.

आधी जुनं सांगतो. तीस वर्षांपूर्वी मी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. माझ्याच गावचा सलीम तिथे मशीनवर होता. ईदच्या आधी दरवाजांची ऑर्डर पूर्ण करून द्यायची होती. करवतीच्या पात्यावर एक कव्हर असतं, त्यामुळे काम हळू व्हायचं.

मी म्हणालो, "काढ ते कव्हर. यल्ला, खलास कर."

"भाई, हात जाईल."

"माझ्या जबाबदारीवर काढ."

अर्ध्या तासात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

कंपनीने रिपोर्ट मागितला. व्हिसा जाईल या भीतीने मी इंग्रजीत लिहिलं — 'कव्हर मी स्वतःच्या मर्जीने काढलं.' खाली सलीमचं नाव. हॉस्पिटलमध्ये गेलो. सही करायचा हात बँडेजमध्ये, म्हणून त्याचा डावा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. तो मराठी चौथी शिकलेला. "काय लिहिलंय, भाई?" म्हणाला. मी म्हणालो, "झालं तेच."

तो गावी परतला तो 'बेफिकीर सलीम' होऊन.

आणि इम्रान, माझा जावई, याच सलीमचा मुलगा. तो सतरा वर्षांचा होता. मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्याने मला गाठलं. "चाचा, अब्बा म्हणतात कव्हर तुम्ही काढायला लावलं. खरं काय?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बेटा, दुखावलेला माणूस काहीही बोलतो." पुढे त्याला इथे आणला, नोकरीला लावला. सलीम वारला, त्यानंतर माझी मुलगी दिली. गाव म्हणालं, दोस्तीला जागला. मी ते ऐकून घेतलं.

आता गेल्या ऑक्टोबरचा शनिवार. दुपारची, असरची नमाज आटोपून बसलो होतो. झोयाला शाळेतून हॅलोवीनचं क्राफ्ट दिलेलं — काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या रंगाचे हाताचे ठसे. कागद उलटा धरला की बोटं खाली लोंबतात, वर डोळे चिकटवले की भूत तयार.

"हे भूतबीत आपल्यात कशाला?" मी कुरकुरलो.

"अब्बा, क्राफ्ट आहे ते, निकाह नाही लावायचा भुताशी," शबनम म्हणाली, आणि दोघं नवराबायको ड्रॅगन मार्टला खरेदीला गेली.

मी मुलांचे हात रंगवून एकेक दाबत होतो. "नाना, प्रेस हार्डर! इट्स अ घोस्ट, नॉट अ रोटी," झोया मला शिकवत होती. तिचे तीन झाले, अयानचे तीन. सहावा ठसा घेताना अयानचा अंगठा नीट उमटेना, म्हणून मी तो चिमटीत धरून दाबला... आणि एकदम ती हॉस्पिटलची खाट आठवली. मी हात सोडला.

दोघांना बाथरूममध्ये नेऊन हात धुतले. जेमतेम पाच मिनिटं. दार लॅचने बंद, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही.

परत आलो तर कागदावर सात ठसे.

सातवा मोठ्या माणसाचा, उजव्या हाताचा. ओला. अंगठा, अनामिका, करंगळी पूर्ण. तर्जनी आणि मधलं बोट म्हणजे नुसती खुंटं. त्यातलं एक बाहेरच्या बाजूला वळलेलं.

"नाना, दिस वन इज ब्रोकन," झोया म्हणाली. घाबरली वगैरे नाही.

मी माझी दोन बोटं दुमडून दुसऱ्या कागदावर ठसा घेऊन पाहिला. सांध्यांचे ठिपके उमटले. त्या ठशात ते नव्हते. मग मी काय केलं सांगू? रंगाचा ब्रश घेतला आणि तो ठसा बुजवायला निघालो. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

इम्रानने पिशव्या ठेवल्या आणि कागदासमोर उकिडवा बसला.

"चाचा, हा कोणी केला?"

"माहीत नाही."

"झोया, दादांचा, माझ्या अब्बांचा फोटो बघून काढलास?"

"नो, डॅडी. इट वॉज जस्ट देअर."

फोटोतून काढणं शक्यच नव्हतं. सलीम फोटोत तो हात खिशात ठेवायचा. इम्रान त्या वळलेल्या खुंटाकडे बघत राहिला. "अब्बांचं बोट असंच वळलेलं होतं. ह्याच हाताने शाळेत सोडायचे मला."

ब्रश अजून माझ्या हातात होता. मी म्हणालो, "इम्रान, तुझे अब्बा खरं बोलत होते."

कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. कव्हर, कागद, अंगठा. शबनम मुलांना आत घेऊन गेली.

तो म्हणाला, "तुम्हाला विचारून घरी गेलो त्या दिवशी मी त्यांना तोंडावर खोटारडा म्हणालो होतो. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मरेपर्यंत."

मी माफी मागितली. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "माझी नको. गावाला सांगा." मी माझ्या नावानिशी सगळं मराठीत लिहिलं, वाचून रेकॉर्ड केलं आणि गावच्या जमातीच्या ग्रुपवर पाठवलं. काहींनी शिव्या दिल्या.

डॉक्टर म्हणेल, म्हातारपणी माणूस करतो आणि विसरतो. असेलही. पण माझ्या हातांची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

इम्रान मला घराबाहेर काढत नाही. पण तेव्हापासून तो मला 'चाचा' म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. मागच्या महिन्यात तो गावी जाऊन आला. मी शबनमला विचारलं, "कबरीवर गेला होता का? काय बोलला तिथे?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अब्बा, ते तुम्ही नका विचारू."