कोकिळाताईचा नंबर

“मी काय केळीचा घड आहे का रे, लोटू?”

“घड म्हणलं का मी तुमले? मी म्हणलं, असल्या उतारावरनं घड चढते, हमाल चढते, तं तुमची गाडी कायले नाही चढणार?”

“हमालाला पाय असतात. माझ्या गाडीला चाकं आहेत. आणि हे मधे मधे काय उठवून ठेवलंयस? गळवं आल्यासारखं?”

“पट्ट्या आहे त्या, ताई. पाय घसरू नये म्हणून!”

हाताने फिरवायच्या तीनचाकीत बसलेली कोकिळाताई आणि थापी हातात धरलेला लोटू मिस्तरी, असे दोघे बुऱ्हाणपूरच्या एका ऑनलाइन केंद्राच्या दारात भिडले होते. आतली रांग बाहेर तोंड करून उभी होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

भांडणात लोटूची चूक होतीही आणि नव्हतीही. वरून हुकूम आला, केंद्राला तीन पायऱ्या आहेत, शेजारी रॅम्प पाहिजे. लोटूने जन्मभर केळीच्या वखारींत ट्रकला माल चढवायचे उतार बांधलेले. त्याला कुणी सांगितलं, “उतार बांध,” की त्याचा हात आपोआप तोच उतार बांधायचा. तो खडा चढ, त्यावर वीतवीतभर अंतराने सिमेंटच्या आडव्या पट्ट्या, अनवाणी हमालाचा अंगठा अडकायला. काम एकदम पक्कं. फक्त माणूस चुकला.

कोकिळाताई दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे पाय नेले. आता ती शेहेचाळीसची. घरी बसून पॉवरलूमसाठी कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळते. दंड असे की मोहल्ल्यातली पोरं तिच्याशी पंजा लढवायला घाबरतात. शिक्षण आठवी. कुणी विचारलं, “पुढं का नाही शिकलीस?” तर म्हणायची, “नववी वरच्या मजल्यावर होती.”

तिच्या डोक्यात गावाचा नकाशा पायऱ्यांनी काढलेला होता. बँक चार पायऱ्या, पोस्ट दोन आणि एक तुटकी, डॉक्टर अकरा. डॉक्टर बिचारा भला माणूस, स्वतः खाली यायचा आणि रस्त्यावरच तिच्या दंडाला पट्टा बांधायचा. त्यामुळे ताईचं बीपी तिच्याआधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कळायचं. “ताई, आज एकशेचाळीस, भजी नाही देणार!”

आणि गावात तेव्हा सगळं सगळ्याला जोडायचं चाललं होतं. आधारला बँक, बँकेला रेशन, रेशनला मोबाइल. लोक रामराम घालायच्या आधी विचारायचे, “लिंक झालं का?” कोकिळाताईचंही सगळं झालं होतं, पंधरा वर्षांपासून. फक्त सगळीकडे नंबर होता तिच्या धाकट्या भावाचा, अरविंदचा. अरविंद शाळेत मास्तर. तोच फॉर्म भरायचा, तोच कागद आणायचा. “तू कशाला जातेस ताई, मी करून आणतो ना.”

मागच्या महिन्यात चांदनी गावात बॅटरीच्या तीनचाक्या देण्याचं शिबिर झालं. मेसेज अरविंदच्या फोनवर आला. त्याने तो वाचला आणि ठेवून दिला. ताईला कळलं दहा दिवसांनी, शेजारच्या मथुराबाईकडून. दुसऱ्याच दिवशी ताईने स्वतःचं सिमकार्ड घेतलं. पुढचं शिबिर देडतलाईला होतं. त्याच्या यादीत स्वतःचा नंबर टाकायचा आजचा शेवटचा दिवस, आणि केंद्र चारला बंद.

म्हणून हे भांडण.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “ताई, कशाला डोकं पिकवता? आम्ही चौघं उचलून आत नेतो, दोन मिनिटांचं काम.”

“चौघांनी उचलायची वेळ येईल ना दादा, तेव्हा मी नाही म्हणणार नाही,” ताई म्हणाली. “आज चाकावर जाईन.”

रांग खळखळून हसली. लोटूही हसला, आणि तिथेच फसला.

“तू हसू नको. ये, बस गाडीत.”

“मी?”

“चढतं म्हणतोस ना? चढव.”

हातांवर भार देऊन ताई गाडीतून पायरीवर सरकली. लोटू गाडीत बसला, पाय पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी दांडा फिरवला. पहिल्या पट्टीला त्याच्या कानावरची बिडी उडाली. दुसरीला दात दातांवर वाजले. तिसऱ्या पट्टीवर गाडी थांबली, जरा विचारात पडली, आणि लोटूला घेऊन उलटी निघाली. रस्त्याच्या कडेला मालूबाई पेरूची टोपली मांडून बसली होती. टोपली कलंडली, पेरू नाल्याकडे पळाले.

“मेल्या, पेरू घ्यायचे तर पायी येत जा!” मालूबाई ओरडली.

लोटू उतरला. पेरू वेचले, पुसून टोपलीत ठेवले. मग उताराकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्याच कुणी बांधला होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “हे तं लई बेकार आहे.”

“किती वेळ लागेल?”

“पट्ट्या आत्ता फोडतो. चढ काही आज कमी होत नाही. पण वखारीतून लांब फळ्या आणतो, वरपासून रस्त्यापर्यंत टाकतो. उद्या नीट बांधून देईन. तासभर द्या.”

तासाला सव्वा तास लागला. साडेतीनला कोकिळाताई तीनचाकीवरून, कुणाचा हात लागू न देता, फळ्या करकरवत वर गेली. रांगेने टाळ्या वाजवल्या. “बस झालं, मी काही किल्ला घेतला नाही,” ती म्हणाली, पण पदराने घाम पुसताना तिचा चेहरा किल्ला घेतल्यासारखाच होता.

आत टेबलामागे यादव कडू. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. कॅमेरा चोरीला जाऊ नये म्हणून त्याने तो उभ्या माणसाच्या उंचीवर खांबाला तारेने आवळलेला.

“कोकिळाताई, जरा वर या.”

“कुठं वर, कडूभाऊ?”

कडूने कॅमेऱ्यात पाहिलं, मग तिच्याकडे, मग जीभ चावली. ताईने अपंगत्वाचं जुनं कार्ड पुढं केलं. त्यावरच्या फोटोत नुसता भांग होता. भांग सरळ होता, एवढंच. कडूने पक्कड काढून तार सोडली.

फोटो झाला. नाव झालं. नवा नंबर टाकला. आणि मशीन अडलं.

“ओटीपी जुन्या नंबरवर जाईल,” कडू म्हणाला. “तो सांगितल्याशिवाय बदलत नाही.”

 ताईने अरविंदला फोन लावला. शाळा जवळच होती. हेल्मेट हातात घेऊन तो आला तेव्हा चारला दहा कमी होते.

“ताई, घरी बोलायचं ना. इथं चारचौघांत कशाला?”

“घरी तू करून आणतो म्हणाला असतास.”

“मग काय चुकलं? पंधरा वर्षांत तुला एकदा तरी रांगेत तिष्ठत ठेवलं का मी?”

“नाही ठेवलंस. म्हणून रांग कशी असते ते आज पाहिलं. मजा असते रे.”

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. अरविंद हसला नाही.

“चांदनीचं मनात धरून बसलीस. अगं, दिवसभर उन्हात बसवतात. बायकांच्या संडासाची सोय नाही. तुझे हाल झाले असते.”

“झाले असते. आणि बॅटरीची गाडी घेऊन आले असते.”

अरविंदच्या हातात फोन वाजला. सहा आकडे आले होते. कडूने मशीनकडे बघत सांगितलं, “एक मिनिट चालतो हा. मग दिवसभर पुन्हा येत नाही.”

“अरविंद,” ताई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, “तू माझ्यासाठी खूप केलंस, ते मी कुणालाही सांगेन. मला एवढंच सांग. तो मेसेज वाचल्यावर मला विचारावं, असं तुझ्या मनात एकदाही आलं नाही?”

अरविंदने फोनकडे पाहिलं. मग आकडे दिसतील असा तो टेबलावर, ताईच्या हाताला येईल असा ठेवला, हेल्मेट डोक्यात घातलं, आणि पायऱ्या उतरून गेला.