गवंड्याची एक ओव्हर

लढाई संपल्यावर कुवेतमध्ये बांधकामं निघाली. त्या सुमारास मी शटरिंगचा, म्हणजे स्लॅबखाली फळ्या ठोकणारा, सुतार म्हणून तिकडे गेलो आणि बरीच वर्षं राहिलो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण क्रिकेट मला कोणी शिकवायला नको, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

अर्दियात गोदामांच्या मागे आमचा कॅम्प. बहुतेक सगळे रत्नागिरीकडचे, हिंदूही आणि मुसलमानही. आठवडाभर जहऱ्याच्या साईटवर मरायचं आणि शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, गोदामामागच्या वाळूत मॅच. साईटवर उरलेला काँक्रीटचा माल ओतून खेळपट्टी केलेली, लोखंडी पट्टीवर सळ्या वेल्डिंग करून स्टंप केलेले. टेनिसच्या बॉलला इलेक्ट्रिकची टेप. माझे गुडघे गेलेले, त्यामुळे मी खेळत नसे. पिकअपच्या सावलीत बसून बघायचं आणि बोलायचं, एवढं माझं काम.

मॅच आठ ओव्हरची, आणि एका बॉलरला दोन ओव्हर टाकायची मुभा. आमच्यात खरा बॉलर एकच होता, तो गवंडी. त्याचा बॉल टप्पा पडला की आत घुसायचा, बॅटवाल्याला पाय काढायला वेळ मिळायचा नाही. आणि आमचा कप्तान काय करायचा? कप्तान म्हणजे पिकअपचा ड्रायव्हर, त्याला सगळे भाई म्हणत. हा भाई गवंड्याला एकच ओव्हर द्यायचा, आणि तीही शेवटची. पाचव्या-सहाव्या ओव्हरला चष्मेवाला स्टोअरकीपर बॉलिंग टाकायचा, समोरचे त्याला गोदामाच्या पत्र्यावर मारायचे, आणि गवंडी लांब कडेला हाताची घडी घालून उभा.

माझं म्हणणं सरळ होतं. मॅच जाते ती मधे जाते. शेवटी समोरच्याला चार रन हवे असताना चांगला बॉलर आणून काय उपयोग? तो पाचवीला आणा, मार थांबवा, मग उरलं तर आठवी द्या. स्टोअरकीपर म्हणायचा, नाही, शेवटच्या ओव्हरला धीर लागतो, तो माणूस राखूनच ठेवला पाहिजे. इलेक्ट्रिशियन माझ्या बाजूचा. कामावरून आल्यावर अंगात उभं राहायची ताकद नसायची, तरी स्वयंपाकघरात भात शिजेपर्यंत हाच वाद. शनिवारी सुरू झालेला वाद गुरुवारी तिथेच असायचा. भाईला तोंडावर विचारलं तर तो "बघू" म्हणायचा आणि कांदा कापत राहायचा. मी त्याला बरंच बोलायचो. पिकअप चालवणं वेगळं आणि माणसं चालवणं वेगळं, असंही बोललो. तो हसायचा.

मग एकदा साईटवर मी खालच्या खोलीतल्या फळ्या सोडवत होतो आणि गवंडी वर परांचीवर छताचा गिलावा करत होता. छताचं काम म्हणजे हात सतत डोक्याच्या वर. दुपारच्या सुट्टीत तो खाली आला, सिमेंटच्या गोणीवर उजवा हात ठेवून बसला आणि डाव्या हाताने पाणी प्यायला लागला. मी बघत राहिलो. नंतर खिळ्यावरचा शर्ट काढायला उठला, तर उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. शर्ट त्याने डाव्याने काढला.

"खांदा?" मी विचारलं.

त्याने आधी मागे वळून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापासून आहे, काका. कुठे बोलू नका. पुढच्या महिन्यात अकामा लागायचाय. मुकादमाला कळलं तर कंपनी मला घरी पाठवेल. गावी घराचा नुसता चौथरा बांधून ठेवलाय."

अकामा म्हणजे तिकडे राहायचा परवाना. त्याचा शिक्का कंपनीच्या हातात, आणि कंपनीच्या कानाला लागलेला आमचा मुकादम. हात वर न जाणारा गवंडी कोण ठेवतो?

"मग शुक्रवारी बॉल कशाला टाकतोस?"

"सोडलं तर सगळे विचारणार, का सोडलंस म्हणून. अंग गरम झालं की सहा बॉल निघतात. सातवा निघत नाही. भाईला माहीत आहे, म्हणून तो शेवटचीच देतो. त्यानंतर दुसरी ओव्हर कोणी मागत नाही."

छत तो आता थोडं थोडं उरकायचा, मधे भिंत घ्यायचा, म्हणजे हात खाली येतो. मी त्याच्या खालीच काम करत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. असो.

पुढच्याच शुक्रवारी शेजारच्या गोदामातल्या पठाण ड्रायव्हरांशी मॅच होती. मुकादम खुर्ची आणून बसला होता, त्याला क्रिकेटचं वेड. जिंकायची मॅच होती ती. सहाव्या ओव्हरला स्टोअरकीपरला असा मार पडला की दोन बॉल पत्र्यापलीकडे जाऊन सापडलेच नाहीत. गवंडी आठवीला आला तेव्हा खेळ संपल्यातच जमा होता. मी त्या दिवशी काही बोललो नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काकांची आज वाचा बसली वाटतं.

जुम्म्याला गेलेले सगळे परत आल्यावर जेवण झालं. मी झुबैदीचं, म्हणजे तिकडच्या पापलेटचं, कालवण केलं होतं, पण हरलेल्या माणसांना मासा कसा झालाय ते कळत नाही. हात धुऊन झाल्यावर मुकादमाने सगळ्यांना चटईवर बसवलं आणि सांगितलं की कप्तान बदलायचा. इलेक्ट्रिशियन तयारच होता. तो म्हणाला, मी कप्तान झालो तर गवंड्याला पाचवी आणि आठवी दोन्ही देणार, आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडून सरावही करून घेणार. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे काका वर्षभर हेच ओरडतायत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षभर मी ह्याचीच वाट बघत होतो, हे कबूल करतो. आणि समोर गवंडी मान खाली घालून चटईची काडी उपसत बसला होता.

"भाईच राहू दे," मी म्हणालो.

मुकादमाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"कप्तान भाईच राहू दे. गवंड्याला एकच ओव्हर, शेवटची. बरोबर आहे ते."

मग हसणं सुरू झालं. एक म्हणाला, काकांना ऊन लागलं. दुसरा म्हणाला, ऊन कसलं, भाईने बाजारातून मोठी झुबैदी आणून दिली त्याची ही करामत. मुकादम हसला नाही. त्याने गवंड्याला विचारलं, "तू बोल रे. दोन ओव्हर टाकशील ना?"

गवंड्याने तोंड उघडलं. तो काय बोलणार होता कोण जाणे, मी मधेच घुसलो. म्हटलं, त्याला काय विचारता? त्याचा बॉल आत येतो एवढीच त्याची कला. पाचव्या ओव्हरला बघून घेतला की आठवीला कोणीही मारील. एकदाच दाखवायचा आणि मॅच संपवायची. शेवटच्या ओव्हरला धीर लागतो, तो माणूस राखूनच ठेवला पाहिजे. हे सगळं स्टोअरकीपरचं बोलणं. वर्षभर ऐकून पाठ झालं होतं, ते मी शब्दाला शब्द बोललो, आणि स्टोअरकीपर चष्मा पुसत मान डोलवत होता. माझ्या तोंडाला त्याची चव कशी लागली ते मलाच ठाऊक.

"पण काल-परवापर्यंत तुम्ही उलट सांगत होतात," इलेक्ट्रिशियन चिडला.

"आज हे सांगतोय. वयाने मी मोठा आहे."

मुकादमाने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ज्याने भाईला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या तोच म्हणतो राहू दे, तर राहू दे. इलेक्ट्रिशियन उठून बाहेर गेला आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

पुढच्या महिन्यात गवंड्याचा अकामा लागला. त्याने माझे कधी आभार मानले नाहीत, मीही तशी वाट बघितली नाही. खांदा काही बरा झाला नाही, पण भिंतींची कामं निघाली, छतं दुसऱ्याच्या वाट्याला गेली, आणि त्याने ती मुदत काढली.

मला मात्र त्या दिवसापासून वादात जागा उरली नाही. भात शिजेपर्यंत बाकीचे भांडायचे, पाचवी की आठवी, आणि मी तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायचं, काका, तुमचं आज कोणतं मत आहे? मग मी मासे साफ करत बसायचो. दिवसभर फळ्या उचलून जेवढा थकत नव्हतो तेवढा गप्प बसून थकायला लागलो. शुक्रवारी पाचव्या ओव्हरला मार पडायचा, आणि मी पिकअपच्या सावलीत दात आवळून बघायचो.

अशाच एका हरलेल्या मॅचनंतर भाई मला मासळीबाजारात घेऊन चालला होता. मग रस्त्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "काका, तुमचंच बरोबर होतं. तो पाचवीलाच यायला हवा होता."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "तू गाडी चालव."