पाऊण मिनिटाचा व्हिडिओ

चित्र पुरं झालं की सॉफ्टवेअर ते काढतानाचा व्हिडिओ आपणहून तयार करून देतं. आठवड्याचं काम पाऊण मिनिटात उरकतं. तो मी ऑनलाइन टाकतो आणि लोक हाताच्या सफाईचं कौतुक करतात. पेन स्क्रीनला टेकलेलं असतं तेवढंच त्यात येतं. नुसतं बघत बसलेला वेळ गळून जातो, आणि माझा बराचसा वेळ बघण्यातच जातो.

काल आईनं एक व्हिडिओ पाहिला. लसूण सोलणाऱ्या म्हातारीचे हात त्यात क्षणात उमटले.

“एवढ्यात झालं?” ती म्हणाली. “मग मला अर्धा तास लसूण धरून कशाला बसवलं होतंस?”

मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. तिचा अर्धा तास कुठंच नव्हता. हात मात्र तिचेच होते.